उभ्या धानातली लाखोरी

जमुनाबाईची गाय टेम्पोत चढायला तयार नव्हती. जमुनाबाईचा भाऊ पुढून दावं ओढत होता, ती मागून पाठ थोपटत रडत होती. जरा लांब इश्वर उभा होता, चोरासारखा. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवून आला होता.

जमुनाबाई तळ्यातल्या मासोळीवर जगणारी. जमीन हातभर नाही. इश्वरच्या बांधीतला धान इश्वरचा, आणि त्याच उभ्या धानात फेकलेलं लाखोरीचं कडधान्य जमुनाबाईच्या गाईच्या चाऱ्याला, अशी दोन्ही घरांची जुनी बोली. बी तिचं, पण बांधीत ते फेकायचा हात मालकाचाच. कापणीच्या आधी, चिखल ओला असताना बी फेकायचं. धानाच्या सावलीत ते रुजतं, धान कापला की वर येतं. यात कसली आली हो अक्कल? लहान पोरगंही करेल.

पण दिवाळी सरली आणि गावोगाव मंडईच्या जत्रा सुरू झाल्या. आज या गावची दंडार रात्रभर पाहायची, उद्या त्या गावची. बियाचं टोपलं इश्वरच्या पडवीत पडून राहिलं. रोज म्हणायचा, उद्या फेकतो. फेकलं तेव्हा मातीला भेगा पडल्या होत्या. बी खडखड वाजत पडलं. हे रुजणार नाही, ते तेव्हाच त्याला कळलं होतं. तरी टोपलं रिकामं केलं आणि घरी येऊन पोटभर जेवला, भला माणूस!

धान कापला. खाली नुसती भुई. नुसत्या धानाच्या सुक्या तणसावर गाय जगवायची कशी? म्हणून गाय आज लाखनीला जमुनाबाईच्या भावाकडे चालली होती. गाईच्या दुधावर वाढणारी जमुनाबाईची नात, रंजू, दारात हुंदके देत होती. इश्वरला स्वतःची किळस आली.

तो पुढे झाला. "जमुनाबाई, लाखोरीचं सांगाचं होतं..."

तिने त्याला बोलूच दिलं नाही. पदराने डोळे पुसले, हात जोडले.

"नका बोलू जी भाऊ, मले माहीत हाये. माह्यंच बी किडकं निंगालं. राखेत नीट घोळलं नाई मी. तुमी आपलं काम सोडून फेकलं, अन् माह्यापायी तुमची मेहनत वाया गेली. मले माफ करजा."

इश्वर, आता तरी बोल ना, मर्दा! आजूबाजूचे चार लोक त्याच्याकडेच पाहत होते.

"होते बाई, होते," तो म्हणाला. "पुढच्या साली बी नीट ठेवजा."