नऊचं ग्रहण

“उद्या ग्रहण नऊला लागेल, महाराज. दहाला नव्हे,” झिबिला ठामपणे म्हणाली.

ड्यूकच्या दरबारात हशा पिकला. ते १७०६ साल होतं. झिबिलाचा नवरा जर्मनीतल्या त्या छोट्या संस्थानात पंचांग तयार करायचा. तो नुकताच वारला होता. त्याच्या जागी नेमलेले पंडित हसत म्हणाले, “बाईसाहेब, गणित म्हणजे शिवणटिपण नव्हे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे राजवाड्याच्या अंगणात जमले. नऊचे ठोके पडले. ड्यूकने काजळी लावलेली काच डोळ्यांसमोर धरली आणि तो थबकला. सूर्याच्या कडेचा लहानसा लचका तुटला होता.

“आजवर पंचांगाचं गणित कोण करत होतं?” त्याने विचारलं.

“मीच. सहा वर्षांपूर्वी ह्यांची दृष्टी गेली, तेव्हापासून.”

“मग यापुढेही तुम्हीच करा. नाव मात्र पंडितांचं राहील.”

“नाव त्यांचं, तर गणितही त्यांनाच करू द्या, महाराज.”

पंडितांनी मान खाली घातली. बघता बघता भर सकाळी अंधारून आलं, तरी झिबिला जागची हलली नाही.

नवं पंचांग निघालं, तेव्हा पहिल्या पानावर एकच नाव होतं: झिबिला रोटमान.