दावं

राधाकिसननं घडवलेल्या मातीच्या जनावराला मेंढ्याचं तोंड होतं, घोड्याचं अंग आणि घारीचे पंख. दुसऱ्या दिवशी ते हैदराबादच्या प्रदर्शनाला जाणार म्हणून अख्खं गाव बघायला लोटलं. जन्मभर मेंढरं राखलेला त्याचा बाप, बिरू, मात्र लांबूनच म्हणाला, "असलं जनावर असतंय का कुठं? बेकार माती नासली."

सकाळी बैलगाडी आली. राधाकिसन जनावर उचलायला वाकला, तर जनावराचा मागचा पाय दाव्यानं खुंट्याला बांधलेला.

"बाबा, हे कुणी केलं?"

"म्या!" बाप खेकसला. "पंखाचं जनावर असं अंगणात मोकळं सोडून झोपतेत व्हय?"

राधाकिसननं दावं खुंट्यावरून काढलं, पण पायातली गाठ सोडली नाही. प्रदर्शनात जनावर दाव्यासकट उभं राहिलं.