कोनाड्यातला कप

दांडा खाली ओढला की मशीन नुसतं फुसफुसत होतं. कॉफीचा थेंब नाही.

"आतल्या रिंगेनं दगा दिलाय, आक्का," भीमसेन म्हणाला. "आन् जाळीत तुमच्या विहिरीचा चुना बसलाय बघा. मधनंमधनं लिंबू घालून पाणी उकळा, म्हणून मागल्या येळंला सांगितलंतं का न्हाय?"

"विसरले रं," यशोदाबाई म्हणाल्या. "तू हाईस की."

बेळगावच्या कॅम्पातल्या त्या घराच्या मागच्या पडवीत हे इटलीचं मशीन टेबलावर मांडलेलं असे. यशोदाबाईंचा लेक परशराम बोटीवर नोकरीला, त्यानं आणलेलं. त्याचा विषय निघाला की "बोटीवर हाय," म्हणून बाई भलतंच काहीतरी बोलायला लागत. त्र्याऐंशी सालात अख्ख्या बेळगावात असलं घरगुती मशीन हुडकून दुसरं सापडलं नसतं, आणि त्याची नस ओळखणारा मिस्त्रीही एकच. भीमसेन. उद्यमबागेत कारखान्यात फिटर, आयटीआयला पहिला आलेला. दोनेक महिन्यांनी मशीन रुसलं की रविवारी यायचा.

आज त्याचे हात कामात होते, पण डोकं जागेवर नव्हतं. आज बोलायचंच, असं ठरवून तो आला होता.

गोष्ट कपाची होती. मशीन सुरू झालं की पहिला कप मिस्त्रीनंच प्यायचा, असा यशोदाबाईंचा नेम. नेम चांगलाच की! पण कप? आल्यागेल्या सगळ्यांना फुलाफुलांचे कप, भीमसेनचा तेवढा निराळा. निळ्या काठाचा, एकटाच कोनाड्यात ठेवलेला. तो आला की खाली निघायचा, तो गेला की परत वर.

भीमसेनचा बाप सत्याप्पा निपाणीकडच्या गावात हॉटेलाबाहेर उकिडवा बसून करवंटीत चहा प्यायचा. तोही वरून ओतलेला. "लेका, शीक. आन् असला च्या कवा पिऊ नगंस," एवढंच त्यानं मरताना मागितलं होतं. आणि लेक दोन वर्षं कोनाड्यातला कप तोंडाला लावत होता! का, तर म्हातारी गोड बोलते, घरचं विचारते म्हणून. भीमसेनला स्वतःचीच लाज वाटत होती.

त्यानं पिस्टन बाहेर काढला, स्प्रिंग पुसली. जाळी लिंबाच्या पाण्यात उकळून घासली. जुनी रिंग कडक होऊन चिरली होती. कुकरच्या रबरातून मापाची नवी कापून त्यानं बसवली. काम अर्धवट टाकून भांडणं त्याला जमण्यातलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारचे ज्योतिबा मास्तर आले. त्यांना फुलाच्या कपात चहा मिळाला. कामाला येणारी शालूबाई त्यांचा कप उचलून निघाली आणि कोनाड्यापाशी थांबली. "ह्योबी एकदा विसळून ठिवते."

"शालू! त्या कपाला हात लावू नगंस!" यशोदाबाई कडाडल्या. "किती येळा सांगायचं गं तुला?"

शालूबाईनं हात मागं घेतला. मास्तर मान खाली घालून उठून गेले. भीमसेनचं कानशील तापलं. म्हणजे कामवालीलासुद्धा आपला विटाळ! वा रे वा!

त्यानं मशीन जोडलं, बटण दाबलं. वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू वर चढला. दांडा ओढला, तशी दाट काळी धार पडली आणि वर तांबूस साय धरली.

"आली बघ! सोन्याचा हात हाय रं तुझा," यशोदाबाई हरखल्या. त्यांनी कोनाड्यातला कप काढला, आपल्या पदरानं पुसला आणि कॉफी ओतून त्याच्यापुढं धरला.

"आक्का, मला फुलाच्या कपात द्या."

"आं? का रं? ह्यातच पी की. तू ह्यात पितोस ते लई बरं वाटतंय मला."

"वाटंल की! माझ्या बाला करवंटीत देणाऱ्यालाबी बरंच वाटत हुतं. आमी माणसं न्हाय व्हय?"

"असं काय बोलतोस? अरं बाबा, त्यो कप..."

"ठावं हाय मला त्यो कप कुणाचा!"

भीमसेननं कप घेतला आणि फरशीवर आपटला.

कॉफी भिंतीपर्यंत उडाली. त्याला मोकळं वाटत होतं. बा, बघ, न्हाय प्यालो, असं तो मनातल्या मनात म्हणाला. पाने पिशवीत भरले, चपला घातल्या. आता म्हातारी शिव्या देईल, द्यायलाच पाहिजेत, म्हणून तो पायरीवर थांबला.

शिव्या आल्या नाहीत. त्यानं वळून बघितलं. यशोदाबाई फरशीवर बसून एकेक तुकडा पदरात घेत होत्या. दारात शालूबाई तोंडावर हात धरून उभी होती.

"परशरामचा रं त्यो," यशोदाबाई वर न बघता म्हणाल्या. "बोट बुडाली त्याला सा वर्सं झाली. तवापासनं त्यात कुणाला घोटभर पाणीबी दिलं न्हाय. तुलाच तेवढं दिलं."