लखमानं निवडलेली गादी

लखमानं पहिल्या गादीवर उडी मारली आणि त्याच्या टाचेला खालचा दगड लागला. गादी दिसायला टम्म फुगलेली, निळी, कोरी करकरीत. कल्याणच्या धोंडे चढायच्या क्लबची मुलं सकाळपासून ती पाव दाबावा तशी बोटांनी दाबून बघत होती आणि खूश होत होती. लखमानं टाच चोळली. "ही नको," तो म्हणाला.

साठीला टेकलेला तो अनवाणी माणूस पुन्हा कमरेएवढ्या दगडावर चढला. मुलं एकमेकांकडे बघून हसली. अंजू हसली नाही. लखमा तिचा मामा, आईचा भाऊ. तो हो म्हणाला तरच आज तिला चढायला मिळणार होतं. गेल्या महिन्यात ती समोरच्या मोठ्या धोंड्यावरून पडली होती. खाली दोन गाद्या जोडून ठेवलेल्या, आणि तिचा पाय नेमका मधल्या फटीत गेला. पंधरा दिवस ती घरात बसून होती. तेव्हापासून आईनं, सावळीनं, एकच धरून ठेवलं होतं, "गादी एकच घालायची, आन ती लखमा बघंल. त्याच्या मनास आली तर चढ. नाय तर लाकडं आणायची पडलीत."

धोंडा काही फार उंच नव्हता. धसई गावाच्या वरच्या अंगाला, अंजूच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर तो उभा होता, जेमतेम दोन पुरुष उंच. पण त्याची वाट सरळ वर जात नव्हती. धोंड्याच्या पुढे आलेल्या पोटाखालून आडवं सरकत जायचं, पार कोपऱ्यापर्यंत, आणि मग वर. क्लबमधल्या कुणालाही ती जमली नव्हती. आज जमली तर अंजू पुण्याच्या स्पर्धेला जाणार होती. वाडीतलं आजवर कुणी धोंडे चढायला पुण्याला गेलेलं नव्हतं. अशा स्पर्धा असतात हेच वाडीला अलीकडे कळलं होतं.

दुसरी गादी पलंगाएवढी होती. लखमानं उडी मारली. दणका बसला, पण पाय जागच्या जागी राहिला.

"हीच घ्या मामा," कमळाकर म्हणाला. तो मुरबाडचा, क्लबचा प्रमुख. तिन्ही गाद्या त्यानंच जीपच्या टपावर बांधून आणल्या होत्या. "बाहेरच्या देशातली आहे. वरून म्हैस पडली तरी काय नाय होणार."

लखमानं गादीचं एक टोक ओढून पाहिलं. ती हलेना. तशी दोन मुलं धावली आणि दोन बाजूंनी धरून त्यांनी ती सहज सरकवून दाखवली. लखमा त्या दोघांकडे बघत राहिला.

"ही पण नको."

तिसरी लहान होती, जुनी, कोपऱ्याला ठिगळ लावलेली. लखमानं तिच्यावर दोनदा उडी मारली, पट्टा ओढून पाहिला आणि मान हलवली. "ही."

"अहो मामा, ही आमी डबे खायला बसतो ती," कमळाकर म्हणाला, आणि आता मुलं उघडच हसली. अंजूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामाला यातलं काय कळतं, असं तिच्याही मनात येऊन गेलं. पण आईचा शब्द होता. तिनं हातांना खडूची पूड लावली.

लखमानं धोंड्याखालची जमीन फांदीनं झाडली. खडे वेचून फेकले. मग गादीचा पट्टा कमरेभोवती गुंडाळला, दोन वेढे घातले आणि उभा राहिला.

अंजू चढली. आडवी सरकू लागली. खालून गादी घासल्याचा आवाज तिच्याबरोबर येत होता. ती थांबली की थांबत होता. कोपऱ्यावर पाय निसटला. ती पडली ती गादीच्या बरोबर मध्यावर. उठली, पुन्हा चढली. या वेळी खाली काय आहे याचा विचारच तिच्या डोक्यात आला नाही. कोपरा तिच्या हाती लागला, मग वरची कड, आणि मग ती माथ्यावर उभी होती. खाली तिला वाडीतली सगळी घरं दिसत होती. मुलं टाळ्या वाजवत होती.

कमळाकरनं वहीत तिचं नाव लिहिलं आणि लखमाला विचारलं, "खरं सांगा मामा, ती मोठी का नको म्हणालात?"

"तिला दोन मानसं लागतात," लखमा म्हणाला. "दोघांनी धरलं का पत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं धरलंय."

यावर कुणी हसलं नाही. अंजू मागच्या बाजूनं उतरत होती, तिनं ते ऐकलं. वाडीत मध काढायला माणूस कड्यावरून खाली सोडतात, तेव्हा वर दोर त्याच्या बायकोचा भाऊ धरतो. एकटा. बहिणीचं कुंकू त्याच्या हातात असतं, म्हणून दुसऱ्या कुणाला तो द्यायचा नाही. अंजूचा बाप जैतू असाच उतरायचा. पुढे तो तापानं गेला, पण कड्यावर त्याला कधी खरचटलंही नव्हतं.

ती जवळ आली तेव्हा पट्टा अजून मामाच्या कमरेलाच होता. मामाचे डोळे भरलेले होते.

"मामा, रडतोस काय? चढले ना मी."

"बावीस वरसं तुज्या बापाचा दोर धरला गो," लखमा म्हणाला. "पन दोर धरनाऱ्याची पाठ कड्याकडं असते. सगळी वाडी म्हनायची, जैतूसारखा कोन चढत नाय. मला कंदी दिसलंच नाय."

त्यानं कमरेचे वेढे सोडले.

"आज पायलं."