काकूंची शिट्टी

“दरवर्षी मेलं तेच लिंबू-चमचा!” विजूवहिनी प्रमिलाकाकूंच्या कानाशी पुटपुटल्या, हात मात्र चमच्यात नीट बसतील अशी लिंबं निवडत होते.

कॉलनीतल्या मुलांचे मे महिन्याच्या सुट्टीतले खेळ दरवर्षी याच गच्चीवर बसून ठरायचे. पूर्वी चमचे कमी पडत आणि शिट्टी फुंकून फुंकून काकूंचे गाल दुखत. अंगठ्याने लिंबू दाबून पळणारी ती लबाड पोरं आता परमुलखात संसार करत होती. यंदा मुलं उरली दोनच, आणि तीही कालच आजोळी गेलेली. तरी जमलेल्यांपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढेना. संगीत-खुर्ची, पोत्यांची शर्यत, अगदी बक्षिसाचे कंपाससुद्धा रीतसर ठरत गेले.

“शिट्टी तुमचीच ना, काकू?” विजूवहिनींनी सवयीने विचारलं.

काकूंनी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली, एक चमचा उचलला आणि पदर खोचला.

“मुलं नाहीत आता, विजू. बोलून टाकू या एकदाचं. इतकी वर्षं कडेला उभी राहिले. यंदा शिट्टी तू फुंक. मला पळायचंय.”