अळंबीची चोरवाट

बाराही वाफे रिकामे होते. थोरली जाऊ तरीही वनरक्षकाच्या पुढे ताठ चालत होती, पाहुण्याला नवं घर दाखवावं तशी.

"हा सातवा. इथला वीतभर गाळ आम्ही हातांनी उपसला. एका मुळाला धक्का लावला नाही."

"दिसतंय," वनरक्षक म्हणाला. "अळंबी तेवढी दिसत नाही."

"येईल."

"आज मुदत संपते, बाई."

नदीकाठची ही राई पुराने गाळात गाडली, त्यानंतर दोघी जावांनी वनखात्याकडून दोन पावसाळ्यांची मुदत मागून घेतली होती. रानअळंबी परत उगवली तर राई आहे तशी राहील. नाही तर पडलेली झाडं उचलून जमीन सपाट होईल. त्यासाठी आणलेलं यंत्र सकाळपासून फाटकात उभं होतं. चालक इंजिन चालू ठेवूनच डबा खात होता.

धाकटी मागे रेंगाळत होती. तिच्या कमरेवर विरळ विणीची टोपली होती. टेकडीपलीकडच्या रानातून पिकून उघडलेली अळंबी या टोपलीत भरून आणायची आणि वाफ्यांभोवती तीन फेऱ्या मारायच्या, म्हणजे तिची बारीक पूड फटींतून मातीवर झडते. पूड हेच बियाणं. ही थोरलीची पद्धत. या जावा जमिनीला चक्कर आणणार, असं लोक म्हणत.

बारावा वाफाही पाहून झाला. चारी बाजूंनी ताणलेली दोरी, चाळलेली माती, औषधालाही पालापाचोळा नाही.

वनरक्षकाने पेन काढलं. "मेहनतीबद्दल शंका नाही. पण मला 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहायचंय."

"संध्याकाळपर्यंत थांबा. मी या जमिनीला ओळखते."

"जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस."

"मी फेऱ्या मारत नव्हते."

थोरली वळली. "म्हणजे?"

"तीन नाही मारल्या कधी. एखादीच. आणि येतानाही वरच्या रस्त्याने वळसा घालून येत नव्हते. पडलेल्या झाडांमधून यायचे. जवळ पडतं."

"त्या राड्यातून? भरली टोपली घेऊन?"

"गुडघा दुखतो. मोठ्या खोडावर टोपली आपटायची, जरा टेकायचं, मग पुढे."

"दोन वर्षं?"

"तुम्ही पाठमोऱ्या असायच्या."

वनरक्षक खोकला. खोकला खरा नव्हता.

"काल तिथे पायाखाली काहीतरी मऊ आलं," धाकटी म्हणाली. "तुम्हाला सांगितलं असतं, तर वाट कळली असती."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "चल. दाखव."

आडव्या झाडांमध्ये गुडघाभर पाला कुजत पडला होता. मोठ्या खोडावर लाल रंगाची फुली होती. यंत्राने सगळ्यात आधी उचलायचं ते हेच. फुलीच्या खाली, सालीच्या भेगेतून, तपकिरी टोप्यांचा घोस बाहेर आला होता. शेजारी दुसरा. तिथून टेकडीच्या दिशेने कुजक्या फांद्यांवर टोप्यांची ओळच लागली होती. डबक्यापाशी ओळ डावीकडे वळत होती आणि पुन्हा वाटेला लागत होती.

"डबक्यापाशी मी अशीच वळते," धाकटी हळूच म्हणाली.

थोरली उकिडवी बसली. तिने एक टोपी वर उचलून खालच्या पांढऱ्या घड्या पाहिल्या. वास घेतला. देठावरची कडी पाहिली. घाई केली नाही.

"आपलीच आहे," ती म्हणाली. "लिहा."

चालक डबा हातात घेऊनच मागून आला होता. "वा! भाजीपुरती निघेल की."

"हात लावून बघ," थोरली म्हणाली. "पुराच्या गाळातली आहे. एक तपासायला जाईल. बाकीची इथेच पिकेल आणि इथेच झडेल."

चालकाने हात मागे घेतला. वनरक्षकाने 'आहे' असं लिहिलं, खाली सही केली आणि चालकाकडे पाहून मान हलवली. चालक परत गेला आणि थोड्या वेळाने फाटकातलं इंजिन बंद झालं. इतका वेळ आवाज चालू होता, हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

"आणि ते वाफे?" वनरक्षकाने विचारलं.

"ते मी रोज झाडत बसले," थोरली म्हणाली. धाकटीने खाली ठेवलेली टोपली तिने उचलली, आतला चिकटलेला पाला काढायला बोटं घातली, आणि तो तसाच राहू दिला. टोपली धाकटीच्या हातात दिली.

"नदीकडच्या बाजूला अजून काही नाही. उद्यापासून तिकडून ये."

"तो रस्ता लांबचा आहे. माझा गुडघा..."

"वाटेत तीन खोडं आहेत. तिन्हींवर बस." थोरली वाफ्यांची दोरी सोडवायला निघाली. "मी पाठ करून उभी राहीन."