अठ्ठावीस दाते

बारा नोव्हेंबर, सकाळचे सहा चाळीस, वय एकाहत्तर. घाटात एकदा जरी पाय टेकला, तर सायकल कायमची बंद, अशी पत्नीची अट होती. सायकलवाल्याने चढ हलका करणारे चौतीस दात्यांचे चक्र सुचवले, तेव्हा “ते म्हाताऱ्यांसाठी,” म्हणून मी जुन्या अठ्ठावीसवरच अडून बसलो. दुरुस्तीला टाकलेली सायकल काल हिनेच आणली. आता उभ्या वळणावर मांड्या भरून आल्या, हँडल डगमगू लागले. माथ्यावरून ही माझ्या पायांवर नजर ठेवून होती. शेवटचा, सगळ्यात हलका गिअर टाकला. पुरणार नाही, हे ठाऊक होते. पण पेडल अनपेक्षितपणे हलके फिरले आणि पाय न टेकता मी वर पोहोचलो. “बघ, अठ्ठावीसच पुरले,” मी धापा टाकत म्हणालो. “हो ना, तुम्ही कुठे म्हातारे?” ही दुसरीकडे पाहत पुटपुटली. मी वाकून दाते मोजले. चौतीस.